गळक्या गाळ्यातली दरपाटी

कुरुळीत सकाळ दोनदा उजाडते. पहिली उजाडते ती पहिल्या शिफ्टच्या बसच्या दिव्यांनी. पोरं-पोरी डबे घेऊन नाक्यावर उभ्या असतात, बस येते, त्यांना पोटात घालून चाकणकडं निघून जाते आणि रस्ता पुन्हा मोकळा होतो. दुसरी उजाडते ती सूर्याची, सावकाश, कंपन्यांच्या शेडमधून उरलेल्या चार-दोन ज्वारीच्या पट्ट्यांवरून. या दोन सकाळींच्या मधल्या वेळात आमचं गाव चहा पितं. आणि दुसरी सकाळ नीट अंगावर आली, की इंदुताईंची गिरणी सुरू होते. तिची घरघर ऐकली की गावाला कळतं, आता दिवस लागला.

इंदुताई म्हणजे नानासाहेबांच्या मालकीण. नानासाहेबांची निम्मी जमीन कंपनीत गेली. पुष्कळांनी आलेल्या पैशाच्या गाड्या घेतल्या. नानांनी बारा खोल्या बांधल्या. आज त्या बारा खोल्यांत लातूर, परभणी, जतकडची माणसं भाड्यानं राहतात. नाना दर पाच तारखेला भाडं घेतात आणि दर सहा तारखेला म्हणतात, "या महागाईत खोल्यांचं काय परवडंना झालंय." गाव ऐकतं आणि हसतं.

रस्त्याच्या कडेला, गिरणीच्या भिंतीला भिंत लावून त्यांचा एक गाळा आहे. दहा बाय बाराचा, वर पत्रा. पत्र्याच्या उजव्या कोपऱ्यात परवापरवापर्यंत एक भोक होतं, पाऊस आला की तिथून थेंब थेंब पडायचा. या गाळ्यात त्यांची सून स्वरूपा बसते आणि बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करते. बंद कॉम्प्युटर चालू करणारे पुष्कळ आहेत, चाकणच्या बाजारात तर पैशाला पासरी. पण त्या कामाचा भाव कसा ठरवावा, हे आमच्या गावाला या पोरीनं शिकवलं. म्हणून लिहायला बसलो.

स्वरूपाचं माहेर काळेवाडीचं. वडील कंपनीत वॉचमन. बारावी झाल्यावर ती घराजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर बसायला लागली, पावत्या लिहायला. पावत्या लिहिता लिहिता तिचं लक्ष मागच्या टेबलावर जायचं. उघडून ठेवलेलं यंत्र बघितलं की ती हातातलं विसरायची. वर्षभरात ती काउंटरवरनं टेबलावर गेली, आणि पाच वर्षांत अशी झाली, की नुसता पंख्याचा आवाज ऐकून सांगायची, "याला धूळ लागलीय," किंवा "याचं बेअरिंग गेलंय."

त्या दुकानाच्या मालकानं तिला सगळं शिकवलं, भाव सांगायला मात्र वेगळंच शिकवलं. तो म्हणायचा, गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा त्याच्या पायाकडं बघायचं. बूट चकाकत असले तर सातशे. चप्पल झिजलेली असली तर तीनशे. आणि पायात कंपनीचा सेफ्टी शूज असला तर आधी पगाराची तारीख विचारायची. स्वरूपाला हे पटलं नाही. पण पटलं नाही म्हणून दुसरं काय करावं, तेही तिला कुणी सांगितलं नाही.

नानांच्या समर्थशी लग्न होऊन ती कुरुळीत आली. समर्थ चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे. शिफ्ट, ओव्हरटाइम आणि झोप यांतून उरलेला वेळ तो हसतो. लग्नानंतर स्वरूपानं गिरणीच्या कोपऱ्यात टेबल टाकून दुरुस्ती सुरू केली. पहिल्याच आठवड्यात एका लॅपटॉपच्या पंख्यातून ओंजळभर बाजरीचं पीठ निघालं. गिऱ्हाईक म्हणालं, "वहिनी, मी दळण टाकलं नव्हतं." इंदुताई आतून ओरडल्या, "चाळून दे गं त्याला, भाकरी तरी होईल!"

तेव्हा गाळ्याचा विषय निघाला. नेमका त्याच वेळी एक मोबाइलवाला नानांकडं येऊन गेला होता. महिना आठ हजार भाडं द्यायला तो तयार होता.

"आठ हजार म्हंतोय," नाना जेवताना म्हणाले. "रोख. अॅडव्हान्स निराळा."

"मंग सून काय परकी हाय व्हय?" इंदुताईंनी विचारलं.

"परकी न्हाई, म्हणून तर सांगतोय. पाडव्यापास्नं बसू दे तिला, एक रुपाया मागत न्हाई. पर दसऱ्याला, त्या महिन्याच्या कमाईतनं आठ हजार माझ्या हातावर ठेवायचं. ठेवलं, तर गाळा तिचा. न्हाई ठेवलं, तर मोबाइलवाल्याचा."

"आणि मी काय करायचं, नाना?" स्वरूपानं विचारलं.

"समर्थच्या कंपनीत स्टोअरला जागा निघतीया म्हणं. माल आला, लिवला. माल गेला, लिवला. बसून काम."

यंत्र उघडायला शिकलेल्या हातांनी नुसतं आलं-गेलं लिहायचं, हा विचारच स्वरूपाला घशाखाली उतरेना. तिनं पाटावरनं उठताना एवढंच म्हटलं, "दसऱ्याला देते."

चैत्रात गाळा उघडला. कामाला तोटा नव्हता. कुरुळीसारख्या गावात आता घरटी एक कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप आहेच. पोरांचा अभ्यास, गाड्यांचे हप्ते, सातबारा, परीक्षेचे फॉर्म, सगळं त्यातच. पण गावचा एक रिवाज आहे. भावकीतल्या माणसाला भाव सांगायचा नसतो. सांगितला तर तो अपमान समजतात. मागणारा म्हणतो, "घरचंच हाय की," आणि करणारा म्हणतो, "राहू द्या." एवढ्यावर व्यवहार संपतो. शेतीत हे चाललं, कारण आज तुझे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुझ्या रानात. पण स्वरूपा कुणाच्या घरी काय मागायला जाणार होती?

दूध संकलन केंद्रवाले दत्तोबा, नानांचे चुलत बंधू, महिन्यातून एकदा केंद्राचा कॉम्प्युटर घेऊन यायचे. दुधाच्या वासानं त्यात मुंग्यांची वस्ती व्हायची. स्वरूपा अर्धा दिवस मुंग्या काढायची आणि दत्तोबा जाताना मोठ्या मनानं म्हणायचे, "तुझ्या हाताला गुण हाय, पोरी." गुणाचे पैसे होत नाहीत. मी दुसऱ्याकडं कशाला बोट दाखवू? माझा प्रिंटर तिनं दोनदा नीट केला आणि दोन्ही वेळा मीही "घरचंच हाय" म्हणून उचलून आणला.

मग पैसे द्यायचं कोण? खोल्यांत राहणारी माणसं. त्यांची इथं भावकी नाही. ते विचारायचे, "ताई, किती झाले?" आणि स्वरूपाच्या तोंडी येईल तो आकडा ती सांगायची. तिच्याकडं ठरलेला असा दरच नव्हता. सकाळी दत्तोबांच्या मुंग्यांत अर्धा दिवस गेला, की दुपारी आलेल्या भाडेकरूचा आकडा आपोआप शे-दीडशेनं वर जायचा. कुणाला फसवायचं तिच्या मनात नव्हतं. दसरा डोक्यात होता, तोच तोंडानं बोलायचा.

हे तिच्या ध्यानात आलं गणपतीत.

मंडळाचा लॅपटॉप ऐन महाआरतीच्या आदल्या दिवशी बसला. मंडळाचा जयदीप धावत घेऊन आला. स्वरूपानं सगळी कामं बाजूला सारून त्यात नवीन विंडोज टाकलं, गाणी होती तशी परत आणून दिली.

"किती, वहिनी?" जयदीपनं आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"राहू द्या, भाऊजी. देवाचं काम."

तेवढ्यात दारात दिपाली उभी. ही खोली नंबर सातमधली. परभणीकडची, पॅकिंगच्या लाइनवर काम करते आणि उरलेल्या वेळात तलाठी भरतीचा अभ्यास. तिनं आपला लॅपटॉप चार्जर बघायला आणला होता.

"ताई, ह्यांच्या लॅपटॉपला काय केलं ओ?" तिनं विचारलं.

"विंडोज टाकलं."

"आन् मागच्या महिन्यात माझ्यात काय टाकलं होतं?"

स्वरूपा थांबली. "तेच."

"माझ्याकडून तर सहाशे घेतले की ओ! माझं विंडोज काय सोन्याचं होतं का?"

जयदीप मोठ्यानं हसला. "अवो, तुमी भाड्यानं राहता ना, तुमचं विंडोज बी भाड्याचं!"

गाळ्यात होते तेवढे सगळे हसले. दिपालीही हसली. मग म्हणाली, "सहाशे म्हणजे माझा एका दिवसाचा ओव्हरटाइम असतो, भाऊ." आणि लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून, चार्जर न दाखवताच, निघून गेली.

त्या दिवशी स्वरूपानं गाळा लवकर बंद केला.

दोन दिवसांनी गुरुवार आला. आमच्याकडं गुरुवार म्हणजे कंपन्यांची सुट्टी आणि लाइटचीही. गिरणी बंद, गाळा बंद. इंदुताई जात्याच्या दगडाला टाकी लावत बसल्या होत्या. दगड गुळगुळीत झाला की त्याला छिन्नीनं पुन्हा खडबडीत करावा लागतो; ते काम त्या कुणाला करू देत नाहीत. स्वरूपा त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. काळेवाडीतला मालक, पायातले बूट, दिपालीचे सहाशे.

"आई, काळेवाडीत पाय बघून भाव सांगायचे. मी इथं येऊन आडनाव बघायला लागले. फरक काय पडला?"

इंदुताई टाकी लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "आपल्या घरचं दळण आलं की मी काय करते, बघितलंय का?"

बघितलं होतं. सगळ्या गावानं बघितलंय. घरचा डबा आला तरी इंदुताई तो काट्यावर ठेवतात, भिंतीवरच्या पाटीप्रमाणं पैसे मोजतात आणि आपल्याच कमरेच्या पिशवीतून काढून गिरणीच्या गल्ल्यात टाकतात. नाना पहिल्यांदा चिडायचे. आता सवय झालीय.

"तुझ्या आजेसासूनं मला सांगितल्यालं," इंदुताई म्हणाल्या. "फुकटाचं दळण कुनीच दळत न्हाई. एकाला फुकट दिलं, की ते दुसऱ्याच्या डब्यातनं मूठ-मूठ कापलं जातं. गिरणीवाल्याला वाटतं, मी लई दानशूर. दान दुसऱ्याच्या पिठाचं."

स्वरूपा म्हणाली, "पण दळणाला किलो असतो, आई. माझ्या कामाला काटा कुठला?"

"येळ हाय की. आन् दगड हाय."

"दगड?"

"गहू मऊ, दगड झिजत न्हाई, दर कमी. डाळ कडक, दगड झिजतो, दर जादा. तुझ्यात दगड कशात झिजतो, ते तू बघ."

त्या गुरुवारी सासू-सुना दिवसभर त्या दगडापाशी बसल्या. स्वरूपा काम सांगायची, इंदुताई विचारायच्या. धूळ झाडून पंखा साफ करायला किती वेळ? दीड पायली दळण होईल एवढा. जोखीम? काहीच नाही. मग दीडशे पुष्कळ झाले. विंडोज टाकायला? तास-दीड तास, पण त्यात यंत्रच राबतं, आपण शेजारी दुसरं काम करू शकतो. फक्त आतले फोटो, कागद जपून बाजूला काढावे लागतात, तिथं लक्ष लागतं. मग अडीचशे. चार्जिंगची पिन तुटली तर सोल्डरचा डाग द्यावा लागतो. हात हलला तर सगळं बोर्ड जळतं. "ही डाळ झाली," इंदुताई म्हणाल्या. तीनशे.

"आणि नुसतं उघडून बघायला तास गेला, आणि दुरुस्तच झालं नाही तर?"

"निम्म्यात लाइट गेली तर मी निम्म्याचंच घेते."

"पण बघायलाही कष्ट पडतात, आई."

"मंग बघायचं पन्नास. काम झालं तर त्यातच धर. न्हाई झालं तर पन्नासाच्या वर एक पैसा न्हाई."

"आणि नवा पार्ट टाकला तर?"

"पीठ कुणाचं?"

"ज्याचा गहू त्याचं."

"तसंच. पार्ट ज्या भावात आला त्याच भावात द्यायचा, बिल दाखवून. आन् जुना पार्ट त्याच्या हातात. कोंडा सुदिक गिऱ्हाइकाचा असतो."

विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी गाळ्यावर पाटी लागली. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात स्वरूपानं आपल्या हातानं लिहिलेली. कामं, दर, आणि शेवटची ओळ जरा मोठ्या अक्षरात: गाव, भावकी, भाडेकरू आणि घरचे, सर्वांना हाच दर.

पाटी लावून ती बारा खोल्यांकडं गेली. आधीच्या पावत्या तिच्याकडं होत्या. पाटीपेक्षा जास्त घेतलेले पैसे तिनं दारोदारी परत केले. सगळे मिळून दोन हजार चारशे गेले. खोली नंबर सातपुढं उभं राहून तिनं दिपालीच्या हातात साडेतीनशे ठेवले.

"अगं बाई! मी तर मस्करी केली ओ, ताई," दिपाली म्हणाली.

"मी नव्हती केली," स्वरूपा म्हणाली. "चार्जर आण उद्या."

नानांना हे कळलं तेव्हा ते ओट्यावरनं उठून उभे राहिले. "पैसं परत? आरं, बाजारात कुनी पैसं परत दिल्यालं आजवर ऐकलंय का? दसरा आला तीन आठवड्यांवर!"

"माझा महिना आहे, नाना. मी बघते," स्वरूपा म्हणाली. तीन आठवडे हातात, गल्ला रिकामा.

आणि गाव रुसलं. पाटीची शेवटची ओळ गावाला बोचली. पारावर चर्चा एकच. कुणी म्हणालं, काळेवाडीची पोरगी, शहरी रीत. दत्तोबा तर पाटी वाचून मुंग्यांसकट कॉम्प्युटर घेऊन माघारी फिरले. "मला दर सांगती! हिच्या सासऱ्याच्या लग्नात मी पंगतीला वाढलंय!"

"मंग त्याचे किती घेतले हुते, दत्तोबा?" इंदुताईंनी गिरणीतनं विचारलं. दत्तोबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

आठ दिवस गावातलं एक माणूस गाळ्यात आलं नाही. पण पितृपक्ष लागला होता, आणि पितृपक्षात आमच्याकडं नवीन वस्तू कुणी घेत नाही. ज्याचा लॅपटॉप जुना झाला तो म्हणतो, दसऱ्याला नवा घेऊ, तोवर हाच ढकलू. ढकलायचा म्हणजे दुरुस्त करायचा. बसमध्ये दिपालीनं गोष्ट सांगितली. त्या बसमधून ती दुसऱ्या बसमध्ये गेली. महाळुंग्यापासून, नाणेकरवाडीपासून सेफ्टी शूज घातलेली माणसं यायला लागली. आल्यावर पहिल्यांदा पाटी वाचायची, मग खिशात हात घालून बघायची, मग निवांत बसायची. किती लागतील ही धाकधूक नसली की माणूस किती मोकळं बोलतं, ते त्या गाळ्यात बघावं. कुणी गावाकडची गोष्ट सांगे, कुणी स्वरूपाला चहा आणून देई. एकानं तर पन्नास रुपयांच्या कामासाठी पंढरीची ज्वारी आणली किलोभर. स्वरूपानं ज्वारी घेतली नाही, गिरणीत पाठवली. इंदुताईंनी दळून परत दिली, दळणाचे पैसे घेऊन.

दत्तोबांचं मात्र अडलं. केंद्राच्या कॉम्प्युटरला मुंग्यांशिवाय नवीन दुखणं लागलं. रोज सकाळी चालू केला की तारीख मागं जायची, आणि दुधाच्या पावतीवर साल छापलं जायचं दोन हजार नऊ. दूध घालायला येणारे सोडतात होय?

"दत्तोबा, दोन हजार नऊची पावती हाय, पर दर या सालचाच दे, भावा!"

"आरं, दोन हजार नऊ साली ही म्हैस जलमली बी नव्हती! हिचं दूध कुठनं आलं?"

दत्तोबा कॉम्प्युटर घेऊन बाजारात गेले. तिथं एका दुकानात उघडल्या-न उघडल्यासारखं करून सांगितलं, मदरबोर्ड गेला, साडेचार हजार. दत्तोबांनी नाव सांगून बघितलं, गाव सांगून बघितलं, कुणाचे पाहुणे कोण तेही सांगितलं. दुकानदार म्हणाला, "काका, साडेचारचे चार करतो." पाचशे रुपये एका वाक्यात उतरले तेव्हा दत्तोबांना संशय आला. जो भाव एका वाक्यात उतरतो, तो मुळात कशावर चढवलेला होता?

अकराव्या दिवशी ते गाळ्यात आले. पाटीकडं न बघता बसले. स्वरूपानंही मागचं काही काढलं नाही. झाकण उघडलं, आतून रुपयाएवढा एक गोल सेल काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"काका, घड्याळाचा सेल संपलाय. तीस रुपये सेल, हे बिल. सेल बदलायचे पन्नास. ऐंशी झाले. मुंग्या आणि पंखा साफ केला तर त्याचे दीडशे वेगळे. करू का?"

दत्तोबा हातातल्या त्या सेलकडं बघत राहिले. "ह्यासाठी चार हजार मागत हुता भडवा!" मग पाटीकडं मान वळवून त्यांनी ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचली. 'भावकी'वर जरा अडखळले. "कर मुंग्यांचं बी," म्हणाले. दोनशे तीस रुपये मोजून ठेवले आणि उठताना म्हणाले, "आदी मुंग्या निगल्यात का न्हाई विचारायला लाज वाटायची मला. आता पैसं दिल्यात. एक जरी ऱ्हायली तर परत आणनार!"

"आणा," स्वरूपा म्हणाली. "त्याचे पैसे नाहीत."

दत्तोबा आले म्हणजे गाव आलं. दुसऱ्या दिवशी मीही प्रिंटर घेऊन गेलो, बिघडलेला नसताना. स्वरूपानं उघडून बघितला, म्हणाली, "भाऊ, यात काही बिघाड नाही." मी म्हटलं, "बघायचे पन्नास घे मग." तिनं घेतले. पन्नास रुपयांत एवढं हलकं मला आधी कधी वाटलं नव्हतं.

खंडेनवमी आली. गिरणीचा पट्टा, काटा, टाकीची छिन्नी, स्वरूपाचे स्क्रूड्रायव्हर, सोल्डरचं यंत्र, सगळं इंदुताईंनी एका पाटावर मांडून झेंडूनं पुजलं. पूजा झाल्यावर स्वरूपानं महिन्याची बेरीज केली. सुटे भाग, लाइट आणि परत दिलेले पैसे वजा जाता सात हजार साडेपाचशे. ते दोन हजार चारशे परत दिले नसते तर सहज जमलं असतं. पण तो विचार तिनं मनात फार वेळ ठेवला नाही. दसरा उद्यावर आणि साडेचारशे कमी.

दसऱ्याच्या दिवशी परतीचा पाऊस भुरभुरत होता. दुपारी नाना गाळ्यात आले. खांद्यावर उपरण्यात गुंडाळलेला त्यांचा कॉम्प्युटर. खोल्यांच्या लाइटच्या मीटरची आकडेमोड त्यातच होती आणि तो तीन आठवडे बंद पडून होता. सुनेला पैसे द्यावे लागतील म्हणून नाना तीन आठवडे आकडे कॅलेंडरच्या मागं लिहीत होते.

गाळ्यात चौघं जण बसलेले, पैसे आधीच दिलेली यंत्रं तपासून न्यायला. त्यांत दिपाली.

"नाना, रांगेत हं," ती म्हणाली.

"तुझ्याच मीटरचा आकडा अडकलाय ह्यात," नाना म्हणाले, पण शेवटच्या स्टुलावर बसले. अर्धा तास बसले. समोर पाटी, ती वाचण्यावाचून इलाज नव्हता. कोपऱ्यात प्लास्टिकचा निळा टब ठेवलेला. पत्र्यातून थेंब पडत होते, टप्प, टप्प. नाना एकदा टबाकडं बघायचे, एकदा वर.

त्यांची पाळी आली. स्वरूपानं झाकण उघडलं. आत पांढरं शुभ्र. नानांची खोली गिरणीच्या बरोबर वर. वर्षानुवर्षांचं पीठ पंख्यात बसलेलं.

"आमच्याच घरचं हाय," भिंतीपलीकडनं इंदुताई ओरडल्या. "वजन कर आन् मला पाठव!"

स्वरूपानं पीठ उडवलं, पंखा फिरवला, यंत्र सुरू झालं. नानांनी पाचशेची नोट टेबलावर ठेवली. "ऱ्हाऊ दे सगळी."

गाळ्यातले सगळे त्या नोटेकडं बघायला लागले. स्वरूपाला साडेचारशे कमी आहेत, हे गावात कुणाला माहीत नव्हतं? ती नोट ठेवून घेतली असती तर गाळा त्या क्षणी तिचा होता. स्वरूपानं गल्ला उघडला, साडेतीनशे मोजले आणि नोटेच्या जागी ठेवले.

"सफाईचे दीडशे, नाना. घरच्यांनाही हाच दर." मग तिनं खणातून पैशांचं पाकीट काढलं, त्यात दीडशे घालून त्यांच्यापुढं ठेवलं. "आणि हे भाडं. तुमचे दीडशे धरून सात हजार सातशे. तीनशे कमी आहेत. जमलं नाही माझ्याच्यानं."

नानांनी पाकिटाला हात लावला नाही. ते टबाकडं बघत होते. टप्प.

"हे कवाधरनं गळतंय?"

"ज्येष्ठापासनं."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"फुकटात बसले होते ना, नाना. फुकटात बसलेल्यानं पत्रा गळतो म्हणून कसं सांगायचं?"

नाना उठले, टबाजवळ गेले, वाकून थेंब कुठं पडतो ते बघितलं. हातानं टेबल आणि टबामधलं अंतर मोजलं. मशीन ठेवायची जागा या टबानं खाल्ली होती, हे त्यांच्यासारख्या बारा खोल्या बांधलेल्या माणसाला सांगावं लागलं नाही.

"मोबाइलवाल्याला मी पत्रा नवा टाकून देनार हुतो," ते म्हणाले. "आठ हजार कोरड्या गाळ्याचं ठरल्यालं. गळक्या गाळ्याचं आठ हजार कसं घ्यायचं?" पाकीट उचलून त्यांनी नोटा मोजल्या, दोनशे वेगळे काढून टेबलावर ठेवले. "साडेसात. जादा घ्यायचं न्हाई, तुझीच पाटी हाय. पत्रा बदलीन त्या म्हयन्यापास्नं आठ."

स्वरूपाला हसू आवरेना आणि डोळेही. "बदला लवकर, नाना."

"बदलतो की. तुला काय घाई लागलीया पाचशे जादा द्यायची?"

"नाना," दिपाली मागून म्हणाली, "आमच्या रूमचा नळ बी पाडव्यापासून गळालाय की ओ. त्याचं कसं करायचं?"

"तू गप, ए परभणी!" नाना ओरडले, आणि गाळ्यात जे हसू उसळलं ते भिंतीपलीकडं गिरणीत गेलं. तिथून इंदुताईंचा आवाज आला, "नळ उद्या नीट व्हईल गं, मी सांगते!"

झाला. दुसऱ्या दिवशी नळ झाला. पत्र्याला मात्र नानांनी मार्गशीर्ष उजाडवला, आणि तोवर स्वरूपानं दर महिन्याला साडेसातच मोजून दिले, एक रुपया वर नाही. मोबाइलवाल्यानं नाक्यावर दुसरीकडं दुकान टाकलं. त्याचा बिलाचा कॉम्प्युटर बिघडला की तो स्वरूपाकडंच येतो आणि पाटी वाचून बसतो.

पत्रा आता नवा आहे. टब तेवढा तिथंच आहे. स्वरूपा त्यात कीबोर्डची बटणं धुते.